एका पायातली चप्पल

संध्याकाळी घरचा माणूस दारात आला की आपण त्याच्या तोंडाकडे बघतो, हातातल्या पिशवीकडे बघतो. शिवणकाम करणाऱ्या मावशी मात्र मुलाच्या पायांकडे बघत.

त्याला कारणही तसंच होतं. मावशींचा नवरा दारूने गेला. तो जिना कसा चढायचा, उंबऱ्याशी कसा अडखळायचा, हे त्या माउलीच्या काळजावर कोरलेलं होतं. आणि गेले काही महिने त्यांचा एकुलता एक मुलगा तस्साच चालू लागला होता!

मुलगा बुटांच्या कारखान्यात होता. बुटाला तळ चिकटवायचं काम. सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण हल्ली त्याची पावलं फटफट आपटत. त्या दिवशी तर तो घरी आला तो एकाच पायात चप्पल घालून.

"दुसरी कुठाय?" मावशींनी विचारलं.

त्याने खाली पाहिलं. त्यालाच नवल वाटलं. "अगं, घातली होती की मी!"

"घातली होती, रस्त्यात गळाली, आणि तुला कळलं नाही?"

"नाही कळलं."

"तुझ्या बापालाही कळायचं नाही."

"देवाशप्पथ आई, एक थेंब घेतला नाही."

"देवाला मध्ये आणू नकोस! हीच शपथ ते घ्यायचे, ह्याच उंबऱ्यावर उभे राहून."

सून आत भांडी घासत होती. तिचा हात थांबला. तिचा नवऱ्यावर विश्वास होता. त्याच्या पायांवर राहिला नव्हता. त्याच्या शर्टाला येणारा तो गोडसर, उग्र वास कारखान्यातल्या सोल्युशनचा आहे, असं तो सांगे. सोल्युशन म्हणजे तळ चिकटवायचं चिकट रसायन. मावशींना वाटे, पिणाऱ्याला आयती सबब सापडलीय.

गल्लीतही कुजबुज सुरू झाली. कोपऱ्यावरचा दुकानदार तर तोंडावर विचारी, "काय दादा, आज रस्ता अरुंद पडतोय वाटतं?" आणि चार लोक हसत. मुलगा मान खाली घालून निघून जाई. खरं सांगा, त्या चौघांत आपणही कधीतरी उभे असतोच ना?

आता मायेच्या पोटी केवढी चूक होते ते ऐका. मावशी थेट कारखान्याच्या मुकादमाकडे गेल्या. "त्याला घरीच काम द्या," म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांसमोर राहील, म्हणजे वाटेत कुठे वळायचा नाही." मुकादमाला काय, काम झाल्याशी मतलब. मागच्या खोलीत बुटांची चवड आली, सोल्युशनचे डबे आले. खोलीची खिडकी गल्लीत उघडत होती. तिथून कुणी दोस्त बाटली देईल, म्हणून मावशींनी खिडकी खिळे ठोकून बंद केली. ओल्या सोल्युशनवर धूळ बसते, म्हणून दारही लावून घेतलं. आणि त्या स्वतः त्याच्या शेजारी बसल्या. एका हाताशी शिवण, दुसऱ्या हाताशी ब्रश. तो तळ दाबी, त्या सोल्युशन लावून देत.

पोरगा सुधारायला हवा होता. तो आणखीच बिघडला! बसल्या जागेवरून उठताना भिंत धरू लागला. मावशींनी उश्या उसवून पाहिल्या, पिठाचा डबा पालथा घातला, माळा झाडला. बाटली सापडेना.

"मिळते तरी कुठून ह्याला?" त्या सुनेला विचारत. विचारता विचारता हातातली सुई खाली पडे. हल्ली सारखी पडायची. वय झालं, म्हणून मावशी दुसरी घेत.

शेवटी त्यांनी निर्वाणीचं सांगितलं. "उद्या मोठ्या दवाखान्यात चल. डॉक्टरांपुढे कबूल कर. नाहीतर तुझा रस्ता तुला मोकळा. सून माझ्यापाशी राहील."

आपल्याच घरातून आपल्याला काढणारी आई! मुलगा एवढंच म्हणाला, "चल."

दवाखान्यातल्या डॉक्टरबाई डोक्याने पांढऱ्या, बोलायला हळू. कामाच्या जागी माणसाच्या पोटात, छातीत काय काय जातं आणि शरीर त्याचं पुढे काय करतं, ह्यावर त्यांचं संशोधन चाले. मावशींनी बसायच्या आधीच सुरुवात केली. "ह्याला चांगलं झापा, डॉक्टर. माझं ऐकत नाही."

"झापू, झापू. आधी पाय तर बघू द्या." डॉक्टरबाईंनी त्याचं पाऊल हातात घेतलं, तळव्यावर दिवा धरला आणि चिमट्याने काहीतरी हळूच ओढून काढलं. शिवणाची सुई! मोडकी, अर्ध्याहून जास्त आत रुतलेली.

"दुखलं का?"

"काय झालं?" मुलाने विचारलं. त्याला पत्ताच नव्हता.

मावशींच्या तोंडचं पाणी पळालं. सुई त्यांचीच होती. आणि पोरगा तर सकाळपासून त्यांच्या नजरेखाली, शुद्धीत, त्या रुतल्या सुईवर चालत इथवर आला होता.

"पायात कायम मोजे घातल्यासारखं वाटतं का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"हो! अगदी तसंच," मुलगा म्हणाला.

त्याचं काम काय, खोली कशी, खिडकी कुठे, हे सगळं त्यांनी विचारून घेतलं. खिळ्यांची गोष्ट आली तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाल्या, "दारूनेही नसा मरतात, म्हणून रक्त आणि लघवी दोन्ही तपासू. पण मावशी, बाहेरून आत आलेलं जे जे असतं ते आपलं यकृत मोडतं, बदलतं आणि बाहेरच्या वाटेला लावतं. हेच चयापचय. त्यात आपलं भलंच असतं. पण काही सोल्युशनमध्ये ते पातळ राहायला एक द्रव घालतात. त्याची वाफ श्वासातून आत गेली, की यकृत बिचारं त्याला घालवायला जातं आणि त्याचंच आणखी कडक विष करून बसतं. ते विष नसांना खातं. सगळ्यांत लांब नसा पायांच्या, म्हणून पहिले पाय जातात."

"मग कारखान्यातले बाकीचे? ते तर सरळ चालतात!"

"कुणी दाराशी बसतो, कुणी कोपऱ्यात. शिवाय प्रत्येकाचं शरीर हे काम सारख्या गतीने करत नाही. त्यांनाही बोलवायला हवं. सगळेच सरळ चालत असतील, असं नाही."

मावशी ताडकन उठल्या. त्यांना ऐकवेना. दारापर्यंत गेल्या, तोच मागून हाक आली.

"मावशी, चप्पल?"

त्यांनी खाली पाहिलं. एका पायात चप्पल होती. दुसरी खुर्चीखाली तशीच पडलेली!

"आता तुम्ही सांगा," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या, "तुम्ही कुठली पिता?"

हातातून गळणाऱ्या सुया, ठोकलेली खिडकी, "तुझा रस्ता तुला मोकळा," सगळं एकदम मावशींच्या अंगावर आलं. "देवा! पोराला वाचवायला म्हणून मीच त्याला डब्याशी कोंडलं रे!"

मुलाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "आई, रडू नकोस. घरी जाऊन खिडकी तेवढी उघड."

त्याच दुपारी खिडकी उघडली. मावशींच्या बोटांत पक्कड ठरेना, तेव्हा सुनेने खिळे उपसले. डबे मुकादमाकडे परत गेले. पुढच्या खेपेला दोघांच्याही तपासणीचा निकाल आला. दारूचं नावही नव्हतं. त्या विषाची खूण मात्र होती, मुलाच्या आणि आईच्याही लघवीत. डॉक्टरबाईंनी खोटा धीर दिला नाही. काम सुटलं तरी पाय आधी आणखी बिघडतील, मग सावकाश सुधारतील. किती, ते आज सांगता येणार नाही, म्हणाल्या.

परतताना मायलेक एकमेकांना धरून गल्लीत शिरले. दोघांचीही पावलं फटफट वाजत होती. दुकानदाराने मान बाहेर काढली. "अरे वा! आज दोघंही?"

मावशी थांबल्या. "होय, दोघंही! एकाच डब्यातलं. फक्त तोंडाने नाही, नाकाने घेतलं. माझ्या पोराने आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. त्याला दारुडा मी म्हटलं, म्हणून तुम्ही म्हटलंत. आज मीच सांगते, चूक माझी. आता हसा."

दुकानदार पुढे आला आणि त्याने मुलाचा दुसरा हात धरला.

उद्या त्या कारखान्याच्या दारात मावशी उभ्या राहणार आहेत, निकालाचे कागद घेऊन, पंखा आणि खिडकी मागायला, सोल्युशन बदला म्हणायला. मालक ऐकेल की नाही, देव जाणे.

बंधुभगिनींनो, देवाने दिलेला हा देह भोळा आहे. जे आत येईल त्याला तो निमूटपणे मार्गी लावायला बघतो, आणि त्यात स्वतः जळतो. तेव्हा कुणाचा तोल गेलेला दिसला, तर त्याच्या तोंडाचा वास घेण्याआधी तो दिवसभर कुठल्या हवेत बसतो ते विचारा. आजारी माणसाला विष बाधलेलं असतंच; त्यात आपल्या संशयाची भर नको!