तीन बाळंतपणं

सांदुगाशने एरमेकला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं आणि त्याची बाही कोपराच्या वर सरकवली.

“आत्या, मी करतो ना.”

“करतोस कसला! मेंढी कापताना हात थरथरत नाही, आणि सुई बघून तोंड बघ कसं झालंय.”

डॉक्टर बागिलाने हसू दाबलं आणि त्याच्या दंडाला पट्टा आवळला. नळी भरेपर्यंत एरमेक छताकडे बघत राहिला. चौतिशीचा, दारासारखा रुंद माणूस, पण आत्यासमोर त्याचं काही चालत नसे. त्याचंच काय, साऱ्या गावाचं चालत नसे. सांदुगाश गावच्या शाळेत कवायत शिकवायची, आणि गळ्यात शिट्टी नसली तरी ती आहे असं गृहीत धरूनच लोक तिच्याशी बोलायचे.

एरमेकनंतर त्याची धाकटी बहीण मारल बसली. तिने हात पुढे केला, डोळे मिटले आणि एक अक्षर काढलं नाही.

“शाबास. हिच्याकडून शीक जरा,” सांदुगाश म्हणाली आणि चहा ओतायला वळली.

या दोघांची आई कलांपिर दहा वर्षांपूर्वी अंडाशयाच्या कर्करोगाने गेली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. शेवटच्या आजारात अल्माटीच्या इस्पितळात कुणीतरी तिला संशोधनासाठी रक्त द्याल का विचारलं होतं. माझ्या उपयोगी नाही पडलं तरी मागच्यांच्या पडेल, असं म्हणून तिने दिलं होतं. ते रक्त इतकी वर्षं गोठवून ठेवलेलं होतं. यंदा बागिलाच्या प्रयोगशाळेने ते तपासलं. पेशीतली मोडतोड दुरुस्त करण्याचं काम ज्या जनुकाकडे असतं, त्यातच खोट निघाली. म्हणून बागिला रात्रभर आगगाडीने सेमेयला आली होती आणि तिथून तीन तास गाडी चालवत या गावात.

चहाला सगळे बैठ्या टेबलाभोवती बसले. वर, मानाच्या जागी, चौऱ्याऐंशी वर्षांची रिस्ती आपा, तिच्या शेजारी तिचा मुलगा सायलाऊ, म्हणजे कलांपिरचा नवरा. सांदुगाश ही रिस्ती आपाची शेंडेफळ. तिचं सासर दोन गल्ल्या पलीकडे होतं, पण या घरातली किटली अजून तिच्याच हातात असायची.

“आमच्याकडे सगळ्यांना हे त्या अणुस्फोटांमुळेच होतं, डॉक्टरबाई,” सायलाऊ म्हणाला. “मी लहान असताना जमीन हलायची. कपाटातली भांडी वाजायची.”

“त्याने माणसं गेली, खरंच गेली. पण हे त्यातलं नाही,” बागिला म्हणाली. “कलांपिरताईंचं माहेर सिर नदीकाठचं, इथून किती लांब. त्यांची आई याच आजाराने गेली आणि मावशीही. हे रक्तातून आलंय. त्यांच्या प्रत्येक मुलात ही खोट येण्याची शक्यता निम्मी. आली म्हणजे आजार झालाच असं नाही. पण बाईला पस्तिशी-चाळिशीत, मुलंबाळं झाल्यावर, अंडाशय आणि नळ्या काढून टाकता येतात. मग धोका फार थोडा उरतो. आधी कळलं तर माणूस वाचतं.”

“आणि एरमेक? तो तर बाप्या,” सांदुगाशने विचारलं.

“त्याच्याकडून त्याच्या मुलींकडे जाऊ शकतं. म्हणून त्याचंही रक्त घेतलं.”

“बघा! मी म्हटलं ना, चल म्हणून. टाळाटाळ करत होता.” सांदुगाशने बशीतले तळलेले बोरसोक पाहुणीपुढे सरकवले. “मी आपली नणंद. माझा काही संबंध नाही, पण मी नसते तर यातलं एकसुद्धा खुर्चीत बसलं नसतं.”

बागिला कागदावर वंशावळ काढत होती. बायकांसाठी गोल, पुरुषांसाठी चौकोन. कलांपिरच्या गोलाखाली तिने एक चौकोन काढला, एक गोल काढला. मग इस्पितळाचा जुना कागद उघडून पडताळून पाहिलं. हा आजार असलेल्या बाईला बाळंतपणं किती झाली हे विचारतातच.

“इथे तीन बाळंतपणं लिहिलीत. पहिलं विसाव्या वर्षी.” तिने मान वर केली. “ते मूल लहानपणी गेलं का?”

सायलाऊने साखरेचं भांडं उचललं आणि होतं तिथेच ठेवलं. मारलने मान खाली घातली. रिस्ती आपा खिडकीतून अंगणाकडे बघत होती.

सांदुगाशने बागिलाचा वाडगा घेतला आणि काठोकाठ भरून तिच्यापुढे ठेवला.

बागिला शहरात वाढली असली तरी कझाकच होती. पाहुण्याला चहा निम्म्याहून कमी द्यायचा, म्हणजे पुन्हापुन्हा ओतून मान राखता येतो. काठोकाठ भरलेल्या वाडग्याचा अर्थ एकच, आता निघा. आणि तो वाडगा बघता बघता दुसरंही तिच्या ध्यानात आलं. कलांपिर असती तर आज अठ्ठावन्न वर्षांची असती. सांदुगाशने मघाशी स्वतःचं वय अडतीस सांगितलं होतं.

पहिलं नातवंड आजी-आजोबांचं, ही जुनी रीत. त्यांच्या मांडीवर दिलं की ते त्यांचं लेकरू. ते आजीला आई म्हणणार, बापाला दादा, आणि जिने जन्म दिला तिला वहिनी. ही काही लपवाछपवी नव्हे, गावाला ठाऊक असतं, त्या लेकरालाही ठाऊक असतं. फक्त आजीच्या देखत ते कुणी बोलायचं नसतं. आणि बागिलाने ते भर चहात विचारलं होतं. तिला स्वतःचाच राग आला.

तिने कागद गोळा केले, नळ्यांची थंड पेटी उचलली आणि आभार मानून बाहेर पडली. गाडीशी पोचेपर्यंत मागून सांदुगाश आली आणि पेटी तिच्या हातातून घेतली.

“जड आहे. द्या इकडे.”

“माझं चुकलं,” बागिला म्हणाली. “पण आता मला गप्पही बसता येत नाही. तुम्ही नणंद नाही. तुमची शक्यताही निम्मीच आहे.”

“मी काय कुकुलं बाळ आहे? तुम्ही आत ‘प्रत्येक मुलात’ म्हणालात ना, तेव्हाच कळलं मला.”

“मग चला, गाडीत बसा. दोन मिनिटांचं काम. आपाला कळणारही नाही.”

“आईपासून लपवून मी आजवर काही केलं नाही. लग्न ठरवलं तेसुद्धा आधी तिला सांगून.” सांदुगाशचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. “आणि हे सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की तू माझी आई नाहीस? ती चौऱ्याऐंशीची आहे. तिच्या दुधातुपावर वाढले मी. मला नाही जमणार.”

“तुम्हाला दोन मुली आहेत.”

“माहीत आहे मला किती आहेत ते!”

ती भांडायच्या आवेशात बोलली, पण पेटी काही तिच्या हातून खाली ठेवली गेली नाही. बागिलाने गाडीचं दार उघडलं. सांगायचं ते सांगून झालं होतं.

“सांदुगाश!”

दारात रिस्ती आपा उभी होती, एक हात काठीवर, दुसरा चौकटीवर. “पाहुणीला अर्ध्या चहावरून उठवलंस? हेच शिकवलं मी तुला? दोघी आत या.”

दोघी शाळेतल्या पोरींसारख्या आत गेल्या. आपा आपल्या जागी बसली. बागिलाचा भरलेला वाडगा तिने दोन्ही हातांनी उचलला, चहा रिकाम्या भांड्यात ओतून टाकला, आणि किटली स्वतःकडे घेऊन तळाशी चार घोट येतील एवढाच नवा चहा ओतला.

“बस, पोरी. घाई नको करूस.”

बागिला बसली.

“कलांपिर वीस वर्षांची होती,” आपा म्हणाली. “बाळ चाळीस दिवसांचं झालं आणि तिने ते माझ्या ओटीत ठेवलं. रीतच होती, मी मागून घेतलं. त्यानंतर अठ्ठावीस वर्षं ती या घरात राहिली. माझ्यासमोर एकदाही तिने या पोरीला जवळ घेतलं नाही. पोर तापाने फणफणली तरी दाराशी उभी राहायची. मी बघत होते. घे तिला, असं मला म्हणता आलं असतं. नाही म्हटलं.”

“आई, नको ना,” सांदुगाश म्हणाली.

“गप बस. आजवर तू बोललीस, मी ऐकलं.” आपाने डोळे पुसले नाहीत, तशीच बोलत राहिली. “ती गेली तेव्हाही तू नणंद म्हणूनच रडलीस. मला वाईट वाटलं, खूप वाटलं, पण मान माझा राहिला म्हणून मी गप्प. आता त्या मानापायी तिची लेकही घालवू? डॉक्टर, ते पहिलं मूल जिवंत आहे. हे बघ, समोर बसलंय. घे रक्त.”

सायलाऊने तोंड भिंतीकडे फिरवलं. सांदुगाश जागची हलेना. शेवटी आपानेच तिचा हात ओढून मांडीवर घेतला, बाहीचं बटण काढलं आणि बाही वर दुमडली, एकेक घडी नीट बसवून. नळी भरेपर्यंत तो हात तिने सोडला नाही.

“आत्या, तोंड बघ कसं झालंय,” एरमेक म्हणाला आणि लगेच पस्तावला.

सांदुगाश हसली. नाक ओढून हसली, पण हसली. “निघाली खोट तर काढून टाकू. त्यात काय! शाळेला उन्हाळ्यात तीन महिने सुट्टी असते, तेव्हाच उरकते. पोरींना अठरा वर्षं पूर्ण झाली की त्यांनाही घेऊन येते, ऐकलंत ना, डॉक्टरबाई?”

“ऐकलं. आता फॉर्म.”

बागिला वाचत गेली, सांदुगाश उत्तरं देत गेली. वय अडतीस. मुलं दोन. जन्मदात्या आईचं नाव या रकान्याशी बागिला थांबली. सांदुगाशने एकदा आपाकडे पाहिलं, मग स्वच्छ आवाजात सांगितलं, “कलांपिर.” ते नाव तिने उभ्या जन्मात वहिनी जोडल्याशिवाय घेतलं नव्हतं.

शेवटचा रकाना जवळच्या माणसाचा होता, तुमचा फोन लागला नाही तर निकाल कुणाला कळवायचा.

सांदुगाशने नंबर सांगितला. टेबलावर आपाच्या शेजारी ठेवलेल्या जुन्या फोनचाच तो होता.

“नाव?”

“रिस्ती.”

“नातं?”

वर्गात सोपं उत्तर न येणाऱ्या मुलाकडे बघावं तसं सांदुगाशने तिच्याकडे बघितलं.

“आई. दुसरं काय लिहिणार?”

बागिलाने लिहिलं. एकाच कागदावर आईची दोन नावं बघून प्रयोगशाळेतला कारकून फोन करणार, दुरुस्त करून पाठवा म्हणणार, हे तिला ठाऊक होतं. तिने खाली सही केली आणि चहाचा वाडगा उचलला.