बावीस तिकिटं

सरकारनं एका संध्याकाळी जुन्या नोटा रद्द केल्या आणि त्यांच्या बदल्यात एकच नवी नोट काढली, भलीमोठी. ती मोडायची कुठे, हे सांगायचं मात्र राहून गेलं. सुटे पैसे औषधालाही मिळेनात. सलूनवाल्याकडे आठ दिवसांत गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं. बिचारा आरशात स्वतःचंच तोंड बघून कंटाळला होता.

त्यात उद्या लेकीची शिष्यवृत्तीची परीक्षा, बसनं तासाभरावरच्या शहरात. पास झाली तर कॉलेज, नाहीतर मामाच्या दुकानात पुड्या बांधणं. वयाच्या अटीमुळे पुढल्या वर्षी बसता येणार नव्हतं. आणि घरात बसभाड्यापुरतेही पैसे नव्हते.

दुपारी शेजारच्या खोक्यांच्या कारखान्याचा मुकादम एकोणीस कामगार घेऊन दारात उभा राहिला. मालकानं कारखान्याला टाळं ठोकून वीस जणांत मिळून एकच नोट हातावर ठेवली होती.

“फाडून वाटता येत नाही,” मुकादम म्हणाला. “सगळ्यांना सारखं वाटता येईल असं फक्त तुझ्याकडेच आहे. कटिंग कर.”

“वीस कटिंगमध्ये नोट संपत नाही हो.”

“मग गोटा कर. पै न पै वसूल झाली पाहिजे.”

दिवेलागणीपर्यंत वीस डोकी तुळतुळीत झाली आणि नोट सलूनवाल्याच्या खिशात आली.

सकाळी बस आली, तीही रिकामी. कंडक्टरनं नोट उजेडात धरली.

“सुटे?”

“नाहीत.”

“माझ्याकडे तरी कुठले? उतरा, नाहीतर पुऱ्या नोटेची तिकिटं घ्या. बावीस होतात.”

सलूनवाल्यानं इकडेतिकडे बघितलं. बिनकामाची वीस माणसं दुकानाच्या पायरीवर ऊन खात बसली होती. त्यानं हात जोडले.

“आमचाच तर पगार आहे,” मुकादम म्हणाला. “चला रे, फिरून येऊ.”

लेकीनं पुस्तकात जे तोंड खुपसलं ते शहर येईपर्यंत वर काढलं नाही.

परीक्षेच्या दारात रखवालदारानं अडवलं. “हे कोण?”

“मुलीचे पालक,” सलूनवाला म्हणाला.

“सगळे?”

लेक आत गेली. पालक खिडकीखालच्या कट्ट्यावर ओळीनं बसले. ऊन चढलं तशी डोकी लाल झाली. मग मुकादमानं हळूच विचारलं, “परतीच्या तिकिटांचं काय?”

सलूनवाल्याला घाम फुटला. बापाच्या डोक्यात फक्त जायचं होतं, यायचं सुचलंच नव्हतं. एवढ्या माणसांना परमुलखात आणून बसवलं, या विचारानं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तीन तासांनी लेक बाहेर आली.

“कसा गेला पेपर?”

“शेवटचा प्रश्न पुस्तकात नव्हताच, बाबा. नोटा मागे घेतल्याचे आर्थिक परिणाम, उदाहरणांसह.”

“सोडलास?”

“खिडकीतून बाहेर बघितलं आणि लिहीत सुटले. दोन पुरवण्या लागल्या. सरांनी कागद ओढून घेतला तेव्हा कुठे सतराव्या काकांपर्यंत पोचले होते.”

उरलेले तिघे जरा हिरमुसले. सलूनवाला मात्र भर रस्त्यात ढसाढसा रडला. मग डोळे पुसून त्यानं लेकीची पिशवी खांद्याला लावली, आणि बावीस जण चालत घरी निघाले.