संत लूकच्या गालावरच्या माश्या

"रडला! संत रडला!" अशी आरोळी उठली आणि नेपल्समधल्या त्या लहानशा चर्चमध्ये माणसं एकमेकांच्या अंगावर पडू लागली. वेदीवरच्या चित्रात संत लूक होता. हातात शुभवर्तमानाचं पुस्तक, पायाशी बैल, आणि डोळ्यांतून खरोखरच ओघळणारे थेंब. खाली चाळीसेक मेणबत्त्या धगधगत होत्या.

चर्चचा सेवेकरी कॉसिमो शिडीवरून ते थेंब कापसाच्या बोळ्यांनी टिपून लोकांना देत होता. बोळा घेणारा त्याच्या टोपलीत कोंबडी नाहीतर तेलाची बाटली ठेवत होता, आणि कॉसिमो ओरडत होता:

"चाटवा लेकरांना! लूक स्वतःच वैद्य होता, मग घरात दुसरा वैद्य कशाला? संताला राग येतो हो! औषधाची पुडी दिसली की अश्रू आटलेच म्हणून समजा!"

हे ऐकून गर्दीतल्या म्हाताऱ्या पोर्त्सियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चित्र तिच्या दिवंगत नवऱ्याने काढलं होतं आणि बारा वर्षांपूर्वी त्याचे रंग तिनेच जवसाच्या तेलात खलले होते. तो वाळलेला रंग पाझरत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण मुलीपुढे, व्हिओलान्तेपुढे, तिचं काही चालेना. चार वर्षांच्या नातीला, तोल्लाला, हिवताप होता. वैद्याने दिलेल्या झाडाच्या कडू सालीने उतार पडला होता, तोच व्हिओलान्तेने साल बंद करून हे बोळे सुरू केले होते.

"अगं, घरी पोर सकाळपासून डोळे उघडत नाही. साल दे तिला!"

"तू संशय घेतेस ना आई, म्हणूनच गुण येत नाही!"

पोर्त्सियाने मान फिरवली, तर संताच्या गालावर दोन माश्या. वाळलेल्या रंगावर माश्या कशा? ती तरातरा जाऊन कॉसिमोच्या मागोमाग शिडी चढू लागली.

"म्हातारे, उतर खाली! संताला बायकांचा हात चालत नाही!"

"त्याच्या नाकाचा रंग मी खललाय, मेल्या! सरक!"

तिने पापणीखाली नख घातलं. रंग कोरून केलेल्या खाचेतून पांढरा गोळा निघाला. तो तिने गर्दीपुढे धरला. "हुंगा!"

"अगंबाई, डुकराची चरबी!" कोणीतरी किंचाळलं. उपवासकाळाचे, मांस वर्ज्य असलेले चाळीस दिवस चालू होते. ज्यांनी आजारी लेकरांनाही मांसाचा रस्सा नाकारला होता, ते महिनाभर त्यांना चरबी चाटवत होते.

"ही... ही तुमच्या श्रद्धेची परीक्षा आहे!" कॉसिमो चाचरला.

"मेणबत्त्या विझवा. मग बघू रडतो का."

मेणबत्त्या विझल्या. थंडगार दगडी भिंतीवर चित्र निवलं आणि शेवटचा थेंब गालावरच पांढरा होऊन थिजला. कॉसिमो मागच्या दाराने पळाला. व्हिओलान्ते घराकडे धावली. तिने सालीची पूड द्राक्षारसात कालवली, पण तोल्लाला ती गिळता आली नाही. ऊन कलायच्या आत पोर गेली.

"आई, माझ्याच हाताने ना गं?" पुरताना व्हिओलान्तेने विचारलं. पोर्त्सियाने मुलीला घट्ट धरलं आणि जमलेल्या लोकांकडे वळली.

"संताला हात जोडा, मीही जोडते. पण लेकरू तापलं तर आधी औषध द्या. आणि चित्र रडलं, तर आधी मेणबत्त्या विझवून बघा."