दोन लाकडी पंखे

केसरीनाथला ऐकू येत नाही, हे साऱ्या अंजूर गावात फक्त कमळाबाईला ठाऊक होतं, आणि तिनं ते तीन वर्षं पोटात ठेवलं होतं. तिचा हा नवरा मुंबईकडच्या एका फ्लाइंग क्लबात तीस वर्षं मेकॅनिक होता. एक कान तिथल्या इंजिनांनी खाल्ला. निवृत्तीनंतर त्यानं घरामागं शेड बांधून कापड विणायचे सहा लूम टाकले, त्यांनी दुसरा खाल्ला. पण गडी हुशार. समोरच्याला बोलूच द्यायचं नाही, आपणच बोलत सुटायचं आणि मधूनमधून मान डोलवायची. लोक म्हणायचे, म्हातारपणी केसरीनाथ भारी बोलका झाला. फोन त्याच्या खुर्चीला लागूनच होता, तरी तो वाजला की कमळाबाई गॅसवरचं तसंच टाकून धावत यायची. सून दिपाली हसायची, म्हणायची, "आईंना फोनची काय हौस!" कमळाबाईही हसायची. मनातून तिला त्या फोनचा संताप यायचा.

नवरा-बायकोला मनातलं काही बोलायचं असलं तर दोघं शेडमध्ये जायची. लूम खडखडत असले की तिथं त्याच्या कानाला तोंड लावून कितीही ओरडलं तरी कुणाला पत्ता लागत नसे. मुलीचं लग्न, दिराचं भांडण, गोदामाला द्यायची जमीन, सगळं तिथंच ठरलं होतं.

दोन हजार पाचच्या जानेवारीत जवळच्याच वळ गावचा मनोज घरी आला. पोरवयात तो त्याच क्लबात विमान चालवायला शिकलेला. आता वळला त्याची चार गोदामं होती, आणि एका गोदामात त्यानं क्लबाचंच एक जुनं दोन माणसांचं, कापडी पंखांचं विमान घेऊन ठेवलं होतं. बारा वर्षं तो ते दुरुस्त करत होता. विमान ढकलताना त्याचा नाकावरचा लाकडी पंखा, म्हणजे प्रोपेलर, शटरच्या खांबावर आपटून तडकला. तसला आता कुठं बनत नाही म्हणून देशभर फोन करून त्यानं दोन जुने मिळवले होते. त्यातला एक निवडायचा होता.

"काका, तुम्ही एकदा वाजवून सांगा," मनोज म्हणाला. "इंजिनियर येतोय सही करायला, पण तोही तुमच्याच हाताखाली शिकलेला. काकांनी पास केलं म्हणजे झालं, म्हणतो."

त्या क्लबात केसरीनाथच्या कानाची ख्याती होती. लाकडाच्या पट्ट्या एकावर एक चिकटवून ते पंखे करतात. आत कुठं डिंक सुटला तर वरून दिसत नाही, नाण्यानं ठोकून आवाजावरून ओळखावं लागतं. केसरीनाथच्या खिशात त्यासाठी एक पावली असायची, अजूनही होती. मनोजचे ओठ बघून त्याला सगळं कळलं आणि त्याची छाती फुगली. नाही म्हणायला त्याची जीभ रेटेना. कमळाबाई नेहमीसारखी चपला घालून बरोबर निघाली.

गोदामात टेबलावर दोन्ही पंखे मांडले होते. एक कुणा म्हाताऱ्या वैमानिकाच्या दिवाणखान्यात शोभेला टांगलेला, दुसरा एका बंद क्लबाच्या स्टोअरमधला, धूळ खात पडलेला. केसरीनाथनं दोन्ही हातांनी चाचपले. मधल्या भोकातून सळई घालून दोन पट्ट्यांच्या धारांवर तोलले. शोभेचा एका बाजूला किंचित झुकला, स्टोअरमधला समतोल राहिला. मग त्यानं पावली काढली.

शोभेचा पंखा या टोकापासून त्या टोकापर्यंत टणटण बोलला. दुसराही बोलत गेला, पण शेंड्यापासून हातभर अलीकडे त्याचा आवाज एकदम बसला. बद्द. कमळाबाईनं चाळीस वर्षं भिवंडीच्या बाजारात माठ वाजवून घेतले होते. तिला दुसऱ्यांदा ऐकायची गरज नव्हती.

मनोज पलीकडे ट्रकवाल्याशी बोलत होता. कमळाबाईनं नवऱ्याकडे बघत मान हलवली. अडलं की तो तिच्या तोंडाकडे बघायचा. त्या दिवशी त्यानं पाहिलंच नाही.

"ह्यो," स्टोअरमधल्या पंख्यावर थाप मारत तो म्हणाला. "कसा खणखणीत हाय बघ! त्यो दुसरा नुसती भिंतीवरची शोभा हाय."

मनोज पाया पडला. "रविवारी धावपट्टीवर नेतोय, काका. पहिली चक्कर मी एकटा मारणार, दुसरीत रियाला बसवणार." रिया त्याची मुलगी, नऊ वर्षांची.

घरी येताच कमळाबाईनं नवऱ्याला शेडमध्ये ओढलं आणि कानात ओरडली, "अवो, त्यो पंखा बद्द वाजतो! शेंड्याकडं!"

"तुला काय कळतं? माठ हाय काय त्यो?"

"माठ फुटला तर पाणी सांडतं! ह्यो फुटला तर पोर मरंल!"

केसरीनाथचं तोंड उतरलं. मग म्हणाला, "आता जाऊन काय सांगू? माझा कान गेला म्हनून?" तिनं हो म्हटलं. तो उठला आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसला. उद्या जातो म्हणाला. दुसऱ्या दिवशी गेला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. कमळाबाईला त्याचा राग आला आणि कीवही आली, आणि कीव आल्याचं तिला जास्त वाईट वाटलं.

शनिवारी सकाळी दिपाली कामावर गेल्यावर तिनं खुंटीवरच्या सदऱ्यातून पावली काढली आणि एकटीच रिक्षात बसून वळला गेली. पंखा विमानाला बसवून झाला होता. तिनं काही न बोलता ठोकायला सुरुवात केली. आवाज बसला तिथं थांबली आणि पावली मनोजच्या हातात दिली. त्यानं स्वतः ठोकलं, परत ठोकलं. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"पण काका तर म्हणाले..."

उत्तर तिनं रिक्षातच जुळवून ठेवलं होतं. "त्यांनीच मला धाडलं. तीन दिस घोर लागलाय त्यांना, शंका हाय म्हनत व्हते. गुडघा धरलाय, म्हनून आले न्हाईत."

मनोजच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघा, काकी! असा माणूस आता मिळायचा नाही. यापुढं या विमानाचा एक स्क्रूसुद्धा काकांना विचारल्याशिवाय फिरणार नाही." त्यानं मोबाइल काढला. "थांबा, त्यांनाच सांगतो."

"नको रं, निजले असतील."

त्यानं लावला होता. रिकाम्या गोदामात रिंग तिलाही ऐकू येत होती. वाजून वाजून बंद झाली. त्यानं पुन्हा लावला.

"बाहेर गेलेले दिसतायत," मनोज म्हणाला.

नुसतं हो म्हणायचं होतं. तीन वर्षं ती तेच करत आली होती. पण तो उद्या दुसरा पंखा घेऊन येणार होता, परवा इंजिन, आणि केसरीनाथ मान डोलवणार होता.

"घरीच हायेत," कमळाबाई म्हणाली. "फोनला लागून बसलेत."

मनोजला आधी कळलं नाही. मग त्यानं फोन कानापासून हळूहळू खाली घेतला. त्यात अजून रिंग वाजत होती.