मुहन्नाची बंदूक

निझव्यात शुक्रवारची उन्हं किल्ल्याच्या बुरुजावरून खाली उतरायच्या आत आमच्या घरी बंदुकीला तेल लागलेलं असतं. माझा नवरा मुहन्ना अंगणात चटईवर बसतो, जुनी मार्टिनी मांडीवर आडवी घेतो आणि लेकराला न्हाऊ घालावं तसा तिचा दस्ता पुसतो. मग आम्ही बाजाराला निघतो. तो पुढे, बंदूक खांद्यावर. मी मागे, वाळक्या लिंबांची टोपली घेऊन. पाटाच्या कडेला तो थांबून कोणाला तरी सलाम करतो. तिथे कोणी नसतं. "हमूद बसलाय," म्हणतो. हमूद त्याचा जुना सोबती, त्याला मातीत ठेवून जमाना झाला. मी म्हणते, "माझाही सलाम सांगा." भांडून काय मिळणार?

बंदूकवाल्यांचा कोपरा मोठ्या झाडाखाली आहे. ईदला आमच्याकडे पुरुष बंदूक खांद्यावर घेऊन नाचतात, म्हणून तिला गिऱ्हाईक कायम. विकणारे बंदूक खांद्यावर टाकून गोल गोल फिरतात, घेणारे कडेला कहवा पीत बसतात. लोबानाचा धूर त्यांच्या पायांशी रेंगाळतो. मला कधी कधी वाटतं, ही माणसं माझ्या बापाच्या काळापासून अशीच फिरताहेत आणि मध्ये कोणी घरी गेलंच नाही. इथे बकऱ्यांच्या बाजारासारखा ओरडा नसतो. वस्तूत खोट दिसली तर घेणारा तोंडाने बोलत नाही, नुसता अंगठा त्या जागी ठेवतो. आणि दोघांचा सौदा चालू असताना तिसऱ्याने तोंड उघडायचं नाही, मग तो शेख असो की सख्खा भाऊ.

मुहन्नाने बंदूक विकायला काढली त्या पहिल्याच शुक्रवारी मी खमीसला गाठलं. सगळे दलाल त्याचं ऐकतात. म्हटलं, "भाऊ, आमच्या म्हाताऱ्याचं डोकं धुक्यात गेलंय. सहाशे रियालची वस्तू ऐंशीला सांगतोय. कोणी घेऊ नका. त्या निमित्ताने बिचारा हिंडतो-फिरतो तरी."

खमीसने छातीवर हात ठेवला. "या भावात घेईल तो चोरच, ताई. निर्धास्त राहा."

तेव्हापासून मुहन्ना फिरतोय. लोक बंदूक हातात घेतात, "माशाल्ला" म्हणतात आणि अदबीने परत देतात. मी लिंबं विकता विकता बघते आणि मनात म्हणते, किती शहाणी गं तू. पुढे त्याने साठ सांगायला सुरुवात केली आणि गेल्या महिन्यापासून चाळीस. मी कपाळाला हात लावला. धुकं वाढतंय, दुसरं काय!

ईदच्या आदल्या शुक्रवारी सूर बंदराहून कोणी मरहून नावाचा माणूस आला. होड्या बांधणारा, तळहात खरबरीत, कपडे साधे. त्याला आमच्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याने मुहन्नाला थांबवलं. मुहन्नाने खालचा दांडा ओढून बंदुकीचं पोट उघडलं, आत काही नाही हे दाखवलं आणि दोन्ही हातांनी बंदूक पुढे केली. मरहूनने नळीतून आभाळ पाहिलं. दस्त्याजवळच्या चिरेवर हळूच अंगठा ठेवला.

"उंटावरून पडलो होतो," मुहन्ना म्हणाला. "ती वाचली, माझ्या दोन फासळ्या गेल्या."

"किती म्हणता, काका?"

"चाळीस."

खमीसचा कप ओठांशीच थांबला. मी ताडकन उठले. टोपली कलंडून लिंबं धुरात घरंगळत गेली, ती उचलायचंही मला सुचेना. ओढणीचा काठ दातात धरून उभी राहिले. ओरडले असते, तर भर बाजारात नवऱ्याचं हसं झालं असतं.

"चाळीसला नको," मरहून म्हणाला.

मुहन्नाचा चेहरा एवढासा झाला. तो हलक्या आवाजात म्हणाला, "मग तीस?"

"अहो काका, तसं नव्हे! ही सहाशेची आहे. चाळीसला नेली तर ईदच्या नाचात मान खाली घालून नाचावं लागेल मला. सहाशे माझ्याकडे नाहीत. तीनशे घ्या."

"मला भाव शिकवतोस? एकदा सांगितलेला भाव वर जात नाही. चाळीस."

"अडीचशे तरी!"

"पस्तीस."

कडेला कोणी तरी फिसकन हसलं. घेणारा वर ओढतोय, विकणारा खाली; असा उलटा सौदा त्या झाडानेही पाहिला नसेल. मलाही क्षणभर वाटलं की आपण अजून झोपेत आहोत आणि बंदुकीला तेल लागायचंय.

मग मुहन्ना बंदूक परत घेऊन खाली बसला. डोळे असे स्वच्छ, जसे आमच्या लग्नात होते.

"पोरा, सहाशेची आहे हे मला ठाऊक नाही होय? मुलगा नाही मला. नाचायला खांदा राहिला नाही. नाचणाऱ्या कोणालाही परवडावी म्हणून ऐंशी सांगितले. लोक हात लावायचे आणि परत द्यायचे. म्हणून साठ केले. तरी परत. बंदुकीत तर खोट नाही. मग म्हटलं, माझ्यातच असणार. मुहन्नाच्या हातची वस्तू लोकांना घरात नको झाली असणार."

धुकं त्याच्या डोक्यात असेल-नसेल, माझ्या डोळ्यांवर मात्र होतं. खमीस माझ्याकडे बघत होता. जळो तो रिवाज, म्हटलं, आणि दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले.

"खोट तुमच्यात नाही. मीच सगळ्यांना सांगितलं होतं, घेऊ नका म्हणून. मला वाटलं, तुम्हाला भाव कळेनासा झालाय."

फिरणारे थांबले. मुहन्ना माझ्याकडे वळला. आता हा सर्वांसमोर माझी लाज काढणार, अशी मी मनाची तयारी केली.

"म्हणजे यांना ती हवी होती?" त्याने विचारलं.

"हवी होती काय विचारता, काका!" खमीस म्हणाला. "पहिल्याच शुक्रवारी जीव जडला होता माझा."

"माझाही," मागून कोणी तरी बोललं. "आमच्या घरात तर भांडण झालं तिच्यावरून."

मुहन्नाने डोक्याच्या रुमालाचं टोक तोंडावर ओढून घेतलं. त्याचे खांदे हलत होते. हसतोय की रडतोय, इतक्या वर्षांच्या संसारात मला पहिल्यांदाच कळेना. थोड्या वेळाने त्याने तोंड पुसलं, उठून उभा राहिला आणि बंदूक मरहूनच्या खांद्यावर आपल्या हाताने ठेवली.

"चाळीस काढ."

"काका, अजूनही चाळीसच?"

"चाळीसच. आजवर ती खपत नव्हती," मुहन्ना सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "आज मी ती माझ्या मर्जीने स्वस्तात दिली."