छातीला बरं म्हणून

रविवारची जेवणं उरकली, रोस्टचं भांडं सिंकमध्ये भिजत पडलं, की नरेल प्रिचर्डच्या स्वयंपाकघरात दुसरी भांडी निघत. ग्लिसरीनची बरणी, सुई नसलेल्या सिरिंजा आणि केकच्या सामानातल्या अर्कांच्या चिमुकल्या बाटल्या. कोराबी गावातल्या बायका आपापल्या रिकाम्या बाटल्या घेऊन मागच्या दाराने येत. पुढच्या दाराने कोणी येत नसे, कारण हे काम कायद्यात बसत नाही हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

सरकारने दुकानातली गोड वेप, म्हणजे वाफेची इलेक्ट्रिक सिगारेट, बंद केली, औषधाच्या दुकानात पुदिना आणि तंबाखू एवढ्याच चवी उरल्या, तेव्हापासून हा उद्योग घरोघर शिरला होता. ऑस्ट्रेलियातल्या गिप्सलँडच्या त्या टेकड्यांत बायका पूर्वी जॅम करून एकमेकींना देत, तसा आता वेपमध्ये भरायचा रस देत. निकोटीन कुठून येतं हे कोणी विचारत नसे. विचार व्हायचा तो फक्त चवीचा, आणि त्या बाबतीत नरेलचा शब्द शेवटचा मानला जाई. नवी चव आली की ती एक थेंब जिभेवर घेई, डोळे मिटून चोखे आणि निकाल देई. जिभेला चाललं ते छातीला चालेल, असा त्या गावाचा साधा हिशेब होता. पिढ्यान्‌पिढ्या आपण असेच हिशेब करत आलो आहोत आणि त्यालाच शहाणपण म्हणत आलो आहोत.

"ही कस्टर्डची घे," नणंद केरिन म्हणाली. "लोण्यासारखा वास येतो बघ."

"बाटलीवर काय लिहिलंय? नैसर्गिक लिहिलंय का?"

"लिहिलंय की. नसतं तर तुझ्यासमोर काढली असती का? तुझ्या तोंडाला कोणी लागायचं?"

"माझ्या तोंडामुळेच तुम्ही सगळ्या धडधाकट आहात," नरेल म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

तेवढ्यात नरेलची मुलगी टीगन आत आली. बेकरीत काम करणारी, शनिवारी गावच्या संघातून नेटबॉल खेळणारी उंच, चपळ पोरगी. फ्रीज उघडता उघडता तिला खोकला आला आणि ती दाराला धरून उभी राहिली.

"अजून गेला नाही का गं हा?" केरिनने विचारलं.

"बेकरीतल्या पिठाने होतो, आत्या."

नरेलने वरच्या फळीवरून निलगिरी तेलाची बाटली काढली. त्या गावाभोवती निलगिरीचीच रानं. सर्दी झाली की गरम पाण्यात दोन थेंब टाकून डोक्यावर टॉवेल घ्यायचा, हे तिथल्या प्रत्येक पोराला आईच्या हाताने माहीत. नरेलने तेच थेंब टीगनच्या रसात टाकले. बाटली हलवली, हुंगली आणि मुलीच्या हातात दिली.

"छातीला बरं असतं," ती म्हणाली.

यात पाप कुठे होतं? लेकीचा खोकला जावा एवढंच त्या बाईच्या मनात होतं. पण पुढच्या रविवारी खोकला वाढलेला दिसला तेव्हा तिने थेंब वाढवले. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी वाढवले. आजार आणि औषध एकाच बाटलीत आहेत हे तिच्या ध्यानीमनीही आलं नाही.

शनिवारच्या सामन्यात टीगन चेंडू झेलायला उडाली आणि खाली आली ती गुडघ्यांवरच. ओठ निळसर पडले होते. मैदानाकडेला चहा विकणाऱ्या बायका धावल्या. दुधाचा टँकर चालवणारा तिचा बाप डॅरिल तिला उचलून गाडीकडे पळाला, मागोमाग नरेल धावली, आणि तिघं टेकडीखालच्या मोठ्या हॉस्पिटलात पोचली.

डॉक्टर हालोरन नावाच्या प्रौढ बाईंनी तपासलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "वेप ओढतेस का?"

टीगनने आईकडे पाहिलं. आईने बापाकडे पाहिलं.

"ओढते कधीमधी," डॅरिल म्हणाला. "औषधाच्या दुकानातली. पुदिन्याची."

"घरी केलेलं काही?"

"छे."

बाहेर आल्यावर नरेल म्हणाली, "खोटं कशाला बोललास?"

"मग काय सांगू? पोलीस दारात आणू? जास्तीचा रस करायला नेटबॉल क्लबचं स्वयंपाकघर आपण वापरतो, ते बंद पडेल. गावातल्या निम्म्या बायका अडकतील. आणि कशासाठी? स्ट्रॉबेरीच्या अर्कासाठी? न्यूमोनिया आहे तो. दोन दिवसांत बरी होईल."

नरेलला पोलिसांची भीती होतीच, पण खरी भीती वेगळी होती आणि ती तिने स्वतःलाही मोठ्याने सांगितली नव्हती. रस तिच्या हातचा होता.

औषधं सुरू झाली आणि काही लागू पडेना. नाकात नळी आली, मग तोंडावर मुखवटा आला. मधल्या एका दुपारी, अजून चाकांच्या खुर्चीत बसवून अंगणात नेता येत होतं तेव्हा, टीगन म्हणाली, "आई, छाती आवळते गं." नरेलने इकडेतिकडे पाहिलं, पर्समधून तीच वेप काढली आणि लेकीच्या ओठांशी धरली.

"दोनच झुरके घे. निलगिरी आहे. मोकळं वाटेल."

टीगनने घेतले. आई देते आहे म्हणून घेतले. त्या संध्याकाळपासून तिला उठून बसता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी दोघांना बाजूच्या खोलीत बोलावलं.

"हे जंतूंचं काम नाही," त्या म्हणाल्या. "आम्ही फुप्फुसातलं पाणी काढून तपासलं. त्यात तेल आहे. तिच्या छातीत तेल कुठून गेलं?"

डॅरिलने टेबलाखालून बायकोच्या पायावर पाय ठेवला.

"मला शिक्षा कोणाला करायची नाहीये," डॉक्टर म्हणाल्या. "मला उपचार करायचे आहेत. आज तिला मशीनवर घालायची वेळ येईल. काय आत गेलंय हे माहीत नसेल तर मी अंधारात चाचपडणार."

नरेलने पाय सोडवून घेतला. पर्स उघडली आणि वेप, रसाची बाटली असं सगळं टेबलावर मांडलं.

"मी घातलं," ती म्हणाली. "निलगिरीचं तेल. ती खोकायची म्हणून घातलं. खोकला वाढला तसं जास्त घातलं. काल इथेसुद्धा मीच तिला दिलं."

डॅरिलने चेहरा दोन्ही हातांत झाकला.

"आणि आणखी काय?"

"कस्टर्डची चव. केकची. मी चाखून बघते आधी. नैसर्गिक आहे ते. खायचंच आहे."

डॉक्टर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर नरेलला सोपं गेलं असतं. "खायचं ते पोटासाठी," त्या म्हणाल्या. "पोट पचवून बाहेर टाकतं. फुप्फुसाला पचवता येत नाही, तेल आत गेलं की तिथेच बसतं. ती लोण्याची चवसुद्धा श्वासाच्या बारीक नळ्या खाते. तुमच्या जिभेला यातलं काही कळणार नाही."

"पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर?" नरेलने विचारलं.

डॉक्टरांनी कागद गोळा केले. "तर बरं झालं असतं," एवढंच म्हणाल्या.

टीगन वाचली. असं लिहिताना हात अडखळतो, कारण वाचणं म्हणजे काय हे त्या घरात जाऊन पाहावं लागतं. खिडकीजवळच्या खुर्चीत ती बसलेली असे. नाकात नळी, पायाशी घरघरणारं ऑक्सिजनचं यंत्र. बेकरी गेली, नेटबॉल गेला. न्हाणीघरापर्यंत जायचं तरी वाटेत स्टुलावर टेकावं लागे.

गावाच्या रीतीप्रमाणे बायका झाकलेली भांडी घेऊन आल्या. टूना घातलेला पास्ता, खिमा-बटाटा, सफरचंदाचा क्रंबल. ओट्यावर जागा उरली नाही. सगळ्या हळू आवाजात बोलत होत्या. नरेल बाटल्यांबद्दल सांगू लागली की एकेकीची नजर खिडकीबाहेर जाई. केरिन सर्वांत शेवटी थांबली. बाकीच्या निघाल्यावर तिने कार्डिगनच्या खिशातून एक छोटी रिकामी बाटली काढली.

"निलगिरी नको घालूस," ती हलकेच म्हणाली. "नुसता व्हॅनिला घाल. व्हॅनिला तर चालतो ना?"

"नाही, केरिन."

"मग कुठला चालतो ते तरी सांग. तुझ्याएवढं कोणाला कळतं?"

"मला काहीच कळत नव्हतं. मी करणार नाही. तुलाही करू देणार नाही."

"अगं, सोडणं सोपं आहे का? टीगनला बाधलं म्हणून सगळ्यांनाच बाधेल असं थोडंच आहे."

"आत्या," टीगन खुर्चीतून म्हणाली.

दोघी वळल्या. टीगनने हात खुर्चीवर रोवले आणि श्वास ओढला.

"मी पण..." ती थांबली. यंत्र घरघरलं. "मी पण... हेच..." पुन्हा थांबली. मानेच्या शिरा ताठ झाल्या. केरिन पुढे झाली, "राहू दे गं बाळा, नको बोलूस," म्हणाली. टीगनने मान हलवली. तिला वाक्य पुरं करायचं होतं. दोघी बायका उभ्या राहून वाट पाहत होत्या, आणि एका साध्या वाक्याला इतका वेळ लागतो हे केरिनला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"...हेच म्हणायचे."

केरिनने बाटली टेबलावर पास्त्याच्या भांड्याशेजारी ठेवली. मग ती रडू लागली. नरेलने तिला जवळ घेतलं नाही. तेवढा वेळ नव्हता. उघड्या खिडकीतून गोड वास आत आला होता, लोण्याचा, कस्टर्डचा, तिच्याच हातचा. फाटकाबाहेर एका गाडीत मघाच्याच बायकांपैकी दोघी बसल्या होत्या आणि काचेच्या फटीतून पांढरी वाफ बाहेर येत होती. टीगनला तो वास लागताच खोकला सुरू झाला.

नरेलने खिडकी बंद केली. मग ती अनवाणीच बाहेर गेली, आणि तिने गाडीच्या काचेवर टकटक केली.