जुन्या स्विचची पोटदुखी

भोकं मोजायची असतील तर मोजून घ्या, चोवीस आहेत. त्यातली तीन मेलेली आहेत, पण ते मी आपणहून कुणाला सांगत नाही. मी स्विच आहे. दिवा लावायचा नव्हे हो! खोलीतल्या सगळ्या संगणकांच्या वायरी ज्या एका पेटीत येऊन घुसतात, ती पेटी. याचं बोलणं त्याच्या कानात घालायचं आणि तिसऱ्याला पत्ता लागू द्यायचा नाही, हा माझा जन्माचा धंदा. माणसांत हे केलं तर लोक चुगलखोर म्हणतात, माझं मात्र विद्यापीठात शिकवतात.

माझी पहिली नोकरी कंपालातल्या एका बँकेत होती. बंद कपाट, थंडगार हवा, हात लावणारं कुणी नाही. पुढे बँकेनं नवं सामान घेतलं आणि मला दूरच्या फोर्ट पोर्टल गावातल्या विद्यापीठाला देणगी दिली. देणगी म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊकच आहे. टाकवत नाही आणि ठेववतही नाही, ते दुसऱ्याला द्यायचं.

इथल्या प्रयोगशाळेत चहाच्या मळ्यांतल्या ट्रकांनी उडवलेली लाल धूळ सरळ पोटात जाते आणि ऐन तासाला वीज जाते. तरी मी इथं सुखात होतो. कारण इथं मला काबाहेंडा भेटली.

पहिल्या वर्षाला आली तेव्हा तिला वायरीचं टोकही बनवता येत नव्हतं. आत आठ बारीक तारा असतात, त्यांचा रंगांचा क्रम ठरलेला. एक तार इकडची तिकडे झाली की सगळं मुसळ केरात. तिनं टोक दाबलं, माझ्यात खुपसलं, दिवा लागला नाही. पुन्हा कापलं, पुन्हा खुपसलं. वर्ग रिकामा झाला तरी बाई तिथंच. शेवटी माझा हिरवा दिवा लुकलुकला आणि तिनं माझ्या डोक्यावर थाप मारली. "शाब्बास रे म्हाताऱ्या!" म्हणाली. टोक तिनं बनवलं आणि शाब्बासकी मला! त्या दिवसापासून मी तिचा झालो. ती माझी झाली की नाही, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

आमचे न्याकोजो सर नेटवर्क आणि सुरक्षा शिकवतात. त्यांचं एक वाक्य ठरलेलं, "कुलूप शिकायचं तर चोराच्या डोक्यानं शिका. घरी जाताना मात्र आपलं डोकं घालून जा." सरांनाही काबाहेंडाचं कौतुक. हाक मारायचे 'अब्वोली' म्हणून. आमच्या या टूरो मुलखात नुसत्या नावानं हाक मारणं म्हणजे उद्धटपणा. प्रत्येकाला बारशालाच आणखी एक मायेचं नाव मिळतं, त्याला एम्पाको म्हणतात, आणि अख्ख्या मुलखात मिळून अशी नावं डझनभर. कुणी भेटलं की आधी ते विचारायचं, मग पुढचं बोलायचं. बाजारात केळी घेतानासुद्धा.

दुसऱ्या वर्षी तिनं माझे दोन भाग केले. अर्धी भोकं शिक्षकांची, अर्धी मुलांची, पेटी एकच पण मधे न दिसणारी भिंत. इकडचा शब्द तिकडे जाईना. जमलं तेव्हा ती खुर्चीवर बसल्या बसल्या गोल फिरली. दर शुक्रवारी ब्रशनं माझ्या पंख्यातली धूळ काढायची, दिवसभराचं गाऱ्हाणं सांगायची. मला वाटायचं, हिचं शिक्षण म्हणजे मीच.

आणि मग ते आलं.

माझ्याच कामाचं नवं यंत्र. पांढरंशुभ्र, सडपातळ, पंख्याची घरघर नाही. फोनवरून चालतं म्हणे! खोक्यातून काढताना काबाहेंडाच्या तोंडून "अगं बाई!" असं निघालं. मला बघून तिच्या तोंडून असं कधी निघालं नव्हतं. त्याला खिडकीजवळची जागा मिळाली. माझ्या निम्म्या वायरी काढून त्याला दिल्या. मी मनात म्हटलं, नव्याचे नऊ दिवस. नऊ दिवस गेले, महिने गेले, तिचा शुक्रवारचा ब्रश काही माझ्याकडे आला नाही. ब्रश हातात घेऊन ती त्याचीच पाठ पुसायची. त्याच्या पाठीवर धूळ तरी होती का?

खरं सांगतो, मी त्याला पाण्यात पाहत होतो. वीज कडाडली की मी मनात म्हणायचो, पड, एकदा त्याच्यावर पड. पडायची ती छपरावरच्या सळईवर. तो आपला शांत लुकलुकतोय. त्याच्या त्या शांतपणानं माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

शेवटच्या वर्षाला परीक्षा आली. कंपालातल्या एका फोन कंपनीच्या सुरक्षा विभागात वर्षभर काम शिकायची एकच जागा होती. काबाहेंडाला पहिल्या वर्षापासून तेवढंच हवं होतं. दोन खोल्यांच्या घरातून, आईच्या शिवणयंत्राच्या खडखडाटात अभ्यास करून ती इथवर आली होती. शेवटच्या फेरीत दोघंच उरले, ती आणि तिच्या वर्गातला बागुमा. नियम सोपा. एकेक यंत्र घ्यायचं, त्याची राखण करायची आणि समोरच्याच्या यंत्रात घुसायचं. जो आधी घुसेल त्याची जागा. यंत्र आधी निवडायचा मान तिचा, कारण गुण तिचे जास्त.

मी मनात मांडे खाऊ लागलो. एवढ्या मोठ्या दिवशी माणूस आपल्या माणसाकडेच येणार ना?

"पांढरा घेते, सर," ती म्हणाली. माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"म्हणजे हे भंगार माझ्या गळ्यात?" बागुमा म्हणाला. फाटक्या तोंडाचा, पण डोक्यानं तल्लख पोरगा. चपातीत अंड्याची पोळी गुंडाळलेला रोलेक्स सकाळी अर्धाच खाल्लेला, त्याच्या तेलकट बोटांनीच त्यानं मला हाताळलं. पण बिनकामाची सगळी भोकं बंद केली आणि मला लांबलचक परवलीचा शब्द दिला. तो बंदोबस्त चांगला केला, हे मान्य करायला हवं.

सुरुवात झाली. आणि काय सांगू! काबाहेंडा दिवसभर माझ्याशीच बोलत होती. हे दार ठोठाव, ती खिडकी हलव, एक शब्द, दुसरा शब्द. कितीतरी महिन्यांनी तिचं सगळं लक्ष माझ्यावर होतं. उघडता आलं असतं तर मी चोवीसही भोकं उघडून दिली असती. पण यंत्राला मन असलं तरी मर्जी नसते. प्रत्येक वेळी मी नाही म्हणायचो, ती ओठ चावायची आणि पुन्हा यायची. इतका सुखाचा दिवस मी बँकेतही पाहिला नाही.

बागुमाचंही काही चालत नव्हतं. तिनं पांढऱ्याला असा शब्द घातला होता की तोडता तोडता म्हातारपण आलं असतं. जेवायची वेळ टळून गेली. कंटाळून त्यानं 'पासवर्ड विसरलात?' यावर बोट ठेवलं. पांढऱ्यानं एक प्रश्न पुढे केला. मालक खरा असेल तर त्यालाच उत्तर ठाऊक असणार, म्हणून विचारायचा प्रश्न. बागुमानं तो वाचला, पुन्हा वाचला आणि टेबलावर डोकं टेकून हसायला लागला.

"अब्वोली, इकडे ये गं," त्याला धड बोलता येईना. "तुझं यंत्र मला विचारतंय, घरची माणसं मालकाला मायेनं काय म्हणतात?"

बघायला जमलेली मुलं त्याच्या पडद्याभोवती गोळा झाली.

"सांग ना," बागुमा म्हणाला, "एम्पाको विचारलं तर खोटं कसं सांगू? माझी आजी मला घरात घेणार नाही!"

त्यानं 'अब्वोली' लिहिलं आणि पांढऱ्यानं दार सताड उघडलं. भल्या मोठ्या किल्ल्याचा दरवाजा, आणि किल्ली अख्ख्या गावाच्या तोंडात! यंत्र बनवणाऱ्यांच्या देशात असलं नाव आईबापांपलीकडे कुणाला ठाऊक नसेल. इथं ते रस्त्यावरचा मोटारसायकलवालासुद्धा हाक मारून सांगतो. नवं यंत्र लावताना त्यानं हा प्रश्न विचारला आणि पोरीनं खरं उत्तर देऊन टाकलं. खोटं द्यावं हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

मुलं भांडायला लागली. "ही चोरी झाली का सर? हे तर आम्हालाही ठाऊक होतं!"

"म्हणूनच तर," न्याकोजो सर हळूच म्हणाले. त्यांचाही चेहरा उतरला होता.

"वाद नको, सर. दार मीच उघडं ठेवलं," काबाहेंडा म्हणाली. "त्यानं नुसतं ढकललं. जागा त्याची." एवढं बोलली आणि पायरीवर जाऊन हमसून हमसून रडली. बागुमा मागोमाग गेला. त्यानं आपला उरलेला रोलेक्स पुढे केला. आधी तिनं हात झटकला. मग रडत रडतच खाल्ला.

आणि मी? मला आनंद झाला. लपवून काय करू? तिचे हुंदके ऐकू येत होते आणि माझे दिवे नाचत होते. दगा दिला ना तुझ्या पांढऱ्यानं? आता येशील. आता कळेल आपलं कोण ते.

बागुमा कंपालाला गेला. काबाहेंडा इथंच राहिली, पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रयोग शिकवायला. आणि रोज सकाळी आली की कुणाजवळ बसते? त्याच्याजवळ. त्याच्यात आणखी कुठं कुठं फटी आहेत ते शोधते, बनवणाऱ्यांना कळवते, त्यांची उत्तरं आली की मोठ्यानं वाचते. ज्यानं बुडवलं त्याच्यावर माणसाचा असा जीव जडतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या उरलेल्या वायरीही काढल्या. मी आता समोरच्या फळीवर आहे. इथून तो पुरता दिसतो.

परवा मात्र ती स्टुलावर चढली. माझ्या अंगावरची धूळ तिनं फुंकली, दोन्ही हातांनी मला खाली घेतलं. माझ्यात वीज नव्हती, नाहीतर सगळे दिवे एकदम पेटले असते. तिनं मला टेबलावर ठेवलं, नव्या मुलांना जवळ बोलावलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "याला नीट बघून घ्या. त्या दिवशी हा माझ्या विरुद्ध होता. दिवसभर डोकं आपटलं, पण यानं मला आत घेतलं नाही."

मुलांनी पाहिलं. तिनं मला परत फळीवर ठेवलं आणि ती खिडकीकडे गेली.

तुमच्याकडे माझ्यासारखं जुनं काही असेल तर भंगारात घाला, फोडा, तांबं काढून विका. फक्त नव्याच्या समोर ठेवू नका. आम्हाला दिसतं.